स्कॅन्डिनेव्हियन घर म्हणजे पांढऱ्या भिंती? साफ चूक!

कोनाडा (धागाकर्ता)

'स्कॅन्डी लूक' म्हणून आपल्याकडे जे विकलं जातं ते ठरलेलं असतं. पांढऱ्याफेक भिंती, करडा सोफा, फिक्या लाकडाचा टीपॉय आणि काळ्या चौकटीत एखादं पान. या सगळ्याचा स्वीडन-डेन्मार्कच्या घरांशी संबंध आहे, पण तो शेवटच्या तीस-चाळीस वर्षांपुरता. त्या घरांचं खरं अंग रंगाचं आहे, असं माझं मत.

सुरुवात सुंडबॉर्नपासून करू. दालार्ना प्रांतात फालूनजवळ हे गाव आहे. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांना कारिनच्या वडिलांकडून 1888 मध्ये तिथलं एक लहानसं लाकडी घर मिळालं. त्या घराची जलरंगातली चित्रं 1899 मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि 'स्वीडिश घर' ही कल्पना जगभर पोचली ती तिथून. आता त्या घरात पाहा काय आहे: जेवणाची खोली लाल आणि हिरवी, पडदे आणि टेबलक्लॉथ कारिनने स्वतः विणलेले. पांढरं-निळं आहे ते बैठकीच्या खोलीत, तेही पट्ट्यापट्ट्यांचं. कोरी पांढरी भिंत शोधावी लागते.

दुसरा दाखला योसेफ फ्रांक. ऑस्ट्रियात जन्मलेला हा वास्तुकार 1933 मध्ये स्वीडनला गेला आणि एस्ट्रिड एरिक्सनच्या 'स्वेन्स्क्ट टेन' या स्टॉकहोमच्या दुकानासाठी कापडांची नक्षी काढू लागला. पानं, फुलं, पक्षी, नकाशे, सगळं ठासून भरलेलं. 1944 मध्ये एरिक्सनबाईंच्या पन्नाशीला त्याने न्यूयॉर्कहून 50 नवी डिझाइन्स भेट पाठवली. ती कापडं आजही छापली जातात आणि स्वीडिश घरांत सोफ्यावर, उशांवर दिसतात. याला 'मिनिमल' म्हणायचं असेल तर पैठणीलाही साधी म्हणा.

तिसरा डेन्मार्कचा वास्तुकार आणि फर्निचर डिझायनर फिन यूल. कोपनहेगनच्या उत्तरेला ऑर्ड्रुपमध्ये 1942 साली त्याने स्वतःचं घर बांधलं. आता ते संग्रहालयाचा भाग आहे. तिथे रंग छतांनाही आहे.

तर 'पांढरं म्हणजे स्कॅन्डिनेव्हियन' हे समीकरण आलं कुठून?

दिवेलागण

सपशेल असहमत. धागाकर्त्यांनी चित्रकार आणि डिझायनरांची घरं उचलली. ती अपवादच असणार. पांढऱ्याचं कारण सौंदर्य नाहीच, तो उजेडाचा हिशेब आहे.

21 डिसेंबरला स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. भर दुपारी तो क्षितिजाच्या वर जेमतेम 7 अंश असतो. त्याच दिवशी मुंबईत तो 47 अंशांच्या वर असतो. आता खिडकीची वरची कड जमिनीपासून 2 मीटरवर आहे असं धरा. मुंबईत त्या कडेवरून आलेला किरण खिडकीपासून दोन मीटरच्या आतच फरशीवर पडतो. स्टॉकहोमला तो सुमारे 16 मीटर लांब गेला असता, पण खोली 5 मीटरची, म्हणून समोरच्या भिंतीवर सव्वा मीटरच्या थोडं वर आदळतो. म्हणजे तिथला दिवा म्हणजे ती समोरची भिंत. ती गडद केलीत की दिवा विझला.

भिंत 80 टक्के प्रकाश परत फेकणारी असेल तर पहिल्या उसळीत 80, दुसरीत 64, तिसरीत 51 टक्के उरतो. 50 टक्केवाली असेल तर 50, 25, 12. सहा तासांच्या दिवसात हा फरक म्हणजे दुपारी एकला दिवा लावायचा की नाही, एवढा मोठा आहे.

कोनाडा

@दिवेलागण, गणित बरोबर आहे, पण त्यात डिसेंबरात नसतं तेच ऊन धरलंय. त्या महिन्यात आभाळ बहुतेक भरलेलं असतं, किरण-बिरण कुठला. उसळ्यांचा मुद्दा मात्र ढगाळ उजेडालाही लागू आहे, तेवढा मान्य.

पण मग 'पांढरा' म्हणजे कुठला, ते तरी सांगा. स्वीडनमध्ये रंग एनसीएस या पद्धतीने (प्रत्येक छटेला आकडे-अक्षरांचं सांकेतिक नाव) मागतात. तिथल्या दुकानात भिंतीचा नेहमीचा पांढरा म्हणजे एस 0502-वाय. पहिले दोन आकडे काळेपणाचे, 5 टक्के. पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, 2 टक्के, आणि वाय म्हणजे पिवळ्याकडे झुकणारा. म्हणजे त्यांचा नेहमीचा पांढरा हा मुळात किंचित पिवळसर-मळका आहे. त्याऐवजी एस 0500-एन, म्हणजे रंगछटा शून्य असलेला, उत्तरेच्या खोलीत लावला तर आकाशाच्या निळ्या उजेडात भिंत निळसर-करडी दिसते आणि फ्रिजमध्ये बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे 'ब्रिलियंट व्हाइट'चा डबा उघडून स्कॅन्डी केलं म्हणतात, त्याची गत तीच.

आणि चकाकी! तिथे भिंतीला चकाकीचा आकडा 7 च्या आसपास, म्हणजे मॅट. छताला 3. दारं-चौकटींना 40. आपल्याकडे धुता यावी म्हणून भिंतीलाच चकचकीत रंग देतात, मग दिव्याचं प्रतिबिंब भिंतीत दिसतं आणि पुट्टीची प्रत्येक लाट वर येते.

रंधा

दोघेही भिंतीवरच डोकं आपटताय. खाली बघा. डॅनिश घर ओळखायचं ते जमिनीवरून.

पाइन किंवा डग्लस फरच्या रुंद फळ्या तशाच ठेवल्या तर उन्हाने दोन-तीन वर्षांत संत्र्यासारख्या पिवळ्या होतात, कारण लाकडातलं लिग्निन (तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक). वर पॉलिश मारलं तर आणखीच. त्यावर तिथला उपाय म्हणजे लुड (कॉस्टिकचं सौम्य द्रावण, बहुधा पांढरा रंग मिसळलेलं) आणि त्यावर साबण. क्रम असा:

फळ्या 100-120 नंबरच्या पेपरने घासायच्या, धूळ पूर्ण काढायची. लुड डबा हलवत हलवत वापरायचं, कारण पांढरा भाग तळाशी बसतो. नायलॉनचा ब्रश घ्यायचा, कारण केसाचा ब्रश कॉस्टिकमध्ये विरघळतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात जायचं. मध्ये थांबलात तर जोडाचा पट्टा कायम दिसतो. रात्रभर वाळू द्यायचं, वर आलेली पांढरी भुकटी पॅडने काढायची, मग साबण.

साबण म्हणजे डिटर्जंट नव्हे. साधे साबणाचे फ्लेक्स, ज्यात ना सुगंध ना रंग. फर्निचरसाठी लिटरभर गरम पाण्यात साधारण 50 ग्रॅम, घोटून गार करायचं, स्पंजने लावायचं, जास्तीचं पुसायचं, वाळलं की 240 च्या पेपरने रेषेच्या दिशेने हलका हात. पाण्याने उभे राहिलेले तंतू त्यात बसतात. दोन-तीनदा केलं की साबणातली चरबी छिद्रांत भरते. डाग पडला तर तेवढ्याच भागावर पुन्हा साबण. पॉलिशला हे जमत नाही, तिथे अख्खी फळी घासावी लागते.

बिघडतं कुठे? एक, ओकवर साधं लुड लावलं तर टॅनिनमुळे (लाकडातलं तुरट द्रव्य) लाकूड तपकिरी पडतं. त्यासाठी ओकचं वेगळं मिळतं. दोन, ओक लोखंडी स्टीलवूलने घासलं तर काळे ठिपके. तीन, जड पाणी. साबण आणि कॅल्शियम मिळून राखाडी साय धरते आणि फळ्या मळकट दिसतात. कोपनहेगनचं पाणीही जडच आहे, म्हणून तिथे दोन बादल्या वापरतात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं, पोछा पिळायला.

सव्वाशेर

वाचून मजा आली, पण हे सगळं उच्चभ्रूंचं बोलणं झालं. स्वीडनने 1965 ते 1974 या काळात दहा लाख घरं बांधायचा कार्यक्रम केला. सामान्य माणूस राहतो तो अशा इमारतींत. तिथे रुंद फळ्या नाहीत, लिनोलियम (जमिनीवर अंथरायचा गुळगुळीत थर) आहे. आणि सत्तरच्या दशकात भिंतींवर तपकिरी-नारिंगी नक्षीचे कागद होते. पांढरं नंतर आलं आणि त्याचं कारण ना सूर्य ना चित्रकार. घर विकायचं असलं की फोटो काढायच्या आधी सामान हलवून, पांढरं मारून 'तयार' करतात, ज्याला जे हवं ते त्यात कल्पावं. आपण जी चित्रं पाहतो त्यातली बरीचशी ही विकाऊ घरं असतात. म्हणजे आपण तिथल्या राहत्या घरांची नाही, रिकाम्या घरांची नक्कल करतोय.

अवांतर: फिनलंड स्कॅन्डिनेव्हियात येत नाही. नॉर्डिक म्हणा. कुणी फिनिश डिझायनर आल्टोचं स्टूल इथे आणायच्या आधी सांगून ठेवतो.

दिवेलागण

@सव्वाशेर, विक्रीचा मुद्दा पटला. पण संध्याकाळची घरं बघा, तिथे विकाऊ काही नसतं.

डेन्मार्कमध्ये छताच्या मधोमध एकच दिवा लावून खोली उजळवत नाहीत. खोलीत पाच-सहा दिवे, सगळे डोळ्याच्या पातळीला किंवा खाली. डॅनिश डिझायनर पौल हेनिंगसेनने 1920 च्या दशकात तीन छत्र्यांचा दिवा केला तो याचसाठी, की बल्ब कुठूनही डोळ्यात जाऊ नये. त्याचा पीएच 5 (पीएच ही त्याची आद्याक्षरं) हा दिवा 1958 चा. मुख्य छत्रीचा व्यास 50 सेंटिमीटर, म्हणून 5. आत लहानशा लाल आणि निळ्या पट्ट्या आहेत, उजेडाचा रंग सुधारायला. टांगायचा टेबलाच्या पृष्ठभागापासून 60 सेंटिमीटरवर. लोक इथेच चुकतात. डोकं लागेल म्हणून मीटरभर वर नेतात, मग टेबलावरचं उजेडाचं तळं पसरून जातं आणि जेवणाऱ्यांना एकत्र धरून ठेवणारं काही उरत नाही. खाली टेबल असताना डोकं लागतंच कसं?

बल्ब 2700 केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. टेबलावर 800 ल्युमेन (बल्बच्या उजेडाचं माप) पुरे, कोपऱ्यात 250 ते 400. खिडकीच्या कट्ट्यावर एक लहान दिवा, तो रस्त्यावरच्यांसाठीही असतो. आपल्याकडची 6500 केल्व्हिनची निळसर-पांढरी ट्यूब पांढऱ्या मॅट भिंतीवर टाकलीत तर दवाखाना तयार.

मेणबत्त्यांबद्दलही: वात सेंटिमीटरभराहून लांब झाली किंवा वाऱ्याची झुळूक लागली की काजळी धरते, आणि हवेतले अतिसूक्ष्म कण खूप वाढतात. वात कापा, नंतर खिडकी उघडा.

रंधा

+1. आणि त्या उजेडाखाली चिंध्यांची सतरंजी विसरू नका. स्वीडिशमध्ये तिला त्रासमत्ता म्हणतात. नावात त्रास असला तरी वस्तू गोड. जुनी सुती कपडे-चादरी फाडून पट्ट्या करायच्या आणि आडव्या विणायच्या. आपल्या गोधडीची लांबची बहीण, फक्त शिवलेली नाही, विणलेली. हेलसिंकीत समुद्रकाठी त्या धुवायला खास धक्के बांधलेले आहेत, लोक उन्हाळ्यात पाइनच्या साबणाने तिथे घासतात (फिनलंड, @सव्वाशेर, क्षमस्व). खाली रबराची जाळी घाला, नाहीतर साबणाच्या जमिनीवर घसरगुंडी.

पाटावरवंटा

चर्चा छान. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, व्हिट्रिफाइड टाइल्स, बोअरचं पाणी. यातलं काय घ्यावं?

कोनाडा

रंग घ्या! पण भडक नव्हे. जुन्या स्वीडिश घरांत भिंतीला लिमफॅर्य असे: खडू, पाणी आणि सरस. आपल्याकडचा ड्राय डिस्टेंपर त्याच जातीचा, कपड्याला लागणारा. त्याचा मखमली मॅटपणा आता मॅट इमल्शनमध्ये जवळपास मिळतो. फिका करडा-हिरवा किंवा पिवळसर-करडा घ्या. एक सांभाळा. जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारू नका, पापुद्रे निघतात. आधी ओल्या स्पंजने धुऊन, घासून काढा, मग प्रायमर.

दिवेलागण

माझं उलट. भिंत फिकीच ठेवा, पैसे दिव्यांवर घाला. वर दाखवल्याप्रमाणे आपल्याकडे ऊन भिंतीवर नाही, फरशीवर पडतं. चकचकीत पांढऱ्या टाइल्स असतील तर दुपारी डोळे दिपतात. तिथे सुती सतरंजी टाका, पांढऱ्या भिंतीपेक्षा तिचा उपयोग जास्त.

कोनाडा

@दिवेलागण, म्हणजे ऊन भिंतीवर येतच नाही, तरी भिंत फिकीच हवी? मग तुमचा 7 अंशांचा सूर्य पुण्यात कशाला आणला होता?

दिवेलागण

सूर्य नाही आणला, उसळ्या आणल्या. फरशीवरचं ऊन उसळून भिंतीवरच जातं.

रंधा

टाइल्सना साबण लावू नका, घसराल. पण पाट, चौरंग, सागवानाचं साधं टेबल असेल तर करून बघा. सागवानात मुळचं तेल असतं, म्हणून साबण ओक-पाइनइतका मुरत नाही. आधी तळाच्या बाजूला वीतभर जागेत लावून दोन दिवस थांबा. आणि बोअरचं पाणी नको. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं घ्या.