मदत हवी आहे: मॉरिस मायनरचा डायनॅमो चार्ज करत नाही

मायनरवाला: आजोबांची १९५९ ची मॉरिस मायनर १०००. रविवारी वरातीला न्यायचीय. नवीन बॅटरी तीन दिवसांत उतरली. ब्रश नवे टाकले, फॅन बेल्ट ताठ आहे. तरी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, रेस केली की जास्तच प्रखर होतो. कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) बदलू का? लवकर सांगा.

घाटवाट: डायनॅमो आहे, आयडलिंगला दिवा लागणारच.

मायनरवाला: रेसवरचंच लिहिलंय हो.

सदू: डायनॅमो काढून मारुती ८०० चा अल्टरनेटर (नव्या गाड्यांतला चार्जर) टाका, ब्रॅकेट लेथवर बनतं. माझ्या फियाटची कटकट कायमची मिटली.

डायनॅमोदादा: मुळीच नको! ही गाडी प्लस अर्थची, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला. अल्टरनेटर तसाच जोडलात तर त्यातले डायोड जागेवर उडतील.

सदू: अर्थ बदलूनच जोडायचा ना! डायनॅमो देतो जेमतेम २० अँपिअर. पावसात हेडलाइट, वायपर लावून सिग्नलला थांबा, मग बोलू.

डायनॅमोदादा: त्यांनी ते विचारलंय का? मायनरवाले, डायनॅमोवरच्या डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड) या टर्मिनलच्या वायरी काढा, दोन्ही टर्मिनल एका तारेने जोडा. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल त्या तारेला. हळूहळू रेस करा, किती व्होल्ट येतात?

मायनरवाला: १४. म्हणजे डायनॅमो चांगला ना?

निवांत: डिस्टिल्ड वॉटर पाहिलंत? आमच्या इन्व्हर्टरला तेच झालं होतं.

डायनॅमोदादा: आकड्याआधी उणे चिन्ह होतं? बॅटरीची कोणती बाजू बॉडीला आहे?

मायनरवाला: उणे होतं. बॅटरीवाल्याने मायनस बॉडीला लावली, सगळ्या गाड्यांना तशीच असते म्हणाला. क्लॅम्प बसेनात म्हणून एकात पत्र्याची पट्टी घातली, दुसरा फाकवला.

डायनॅमोदादा: हे आधी सांगायचं होतं! प्लसचं टर्मिनल जाड असतं, म्हणून बसेना. डायनॅमोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व जुन्याच दिशेचं आहे, तो बॅटरीच्या उलट वीज करतोय. दिव्यावर दोन्हींची बेरीज येते, म्हणून तो प्रखर. गाडी आता चालू करू नका, कटआउटचे पॉइंट चिकटतील. बॅटरी फिरवा, प्लस बॉडीला.

घाटवाट: मायनसच ठेवा की. वायर काढलेल्या एफला बॅटरीची लाइव्ह वायर क्षणभर टेकवली की डायनॅमोची दिशा बदलते.

डायनॅमोदादा: बदलते. पण मग इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी वीज देणाऱ्या) वायरीही अदलाबदल करायच्या. वरात रविवारी आहे, मूळचं आहे तसंच ठेवू दे.

जुनी नंबरप्लेट: ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी २०२१ पासून होते. केलीत का?

मायनरवाला: बॅटरी फिरवली, क्लॅम्प घट्ट बसले. पॉइंट काळे पडले होते, बारीक पॉलिश पेपरने साफ केले. रेस केली आणि दिवा विझला! दादा, फार मोठं काम केलंत.

डायनॅमोदादा: उतरलेली बॅटरी डायनॅमोवर भरू नका. शनिवारी रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवा.