मदत हवी आहे: पाच तारांचा बँजो शिकवणारं कुणी गोव्यात आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे चौघे मिळून अमेरिकन कंट्री गाणी आणि आपली लोकगीतं एकत्र गातो. मी भजनी मंडळातला, पेटी वाजवतो आणि गातो. घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं तालवाद्य) वाजवणारा लहानपणापासून चतुर्थीच्या आरत्यांत बसलेला. व्हायोलिन वाजवणारा मित्र चर्चच्या कॉयरमधला, नोटेशन वाचून वाजवतो. आम्ही बाकीचे कानावर. गिटारवाल्याने सगळं एकट्याने शिकून घेतलं.

घुमट आणि व्हायोलिन मांडोत, म्हणजे गोव्याच्या पारंपरिक कोकणी गाण्यांत, पूर्वीपासून एकत्र आहेतच, त्यामुळे ते दोघे पहिल्याच दिवशी जुळले. घुमटाला आता घोरपडीऐवजी बकरीचं कातडं असतं, पावसात ते सैल पडतं, पण शेकून घेतलं की चालतं.

अडलंय ते बँजोवर. दुकानात विचारलं की आपल्याकडचा बटणांचा बँजो, म्हणजे बुलबुलतरंग, पुढे करतात. आम्हाला हवाय तो लांब मानेचा, गोल पडद्याचा. त्याची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्येच, पाचव्या फ्रेटजवळ. अंगठ्याने ती तार सतत छेडत राहायची, त्यातूनच ती धावती लय येते. गिटारवर ती काही केल्या साधत नाही.

फोंडा, मडगाव किंवा पणजीत कुणी शिकवतं का? जुनं वाद्य विकत किंवा भाड्याने मिळालं तरी चालेल. रविवारी कुठेही यायला तयार आहोत. कृपया कळवा.