मदत हवी आहे: गोव्याहून हॅम रेडिओच्या २० मीटर बँडवर युरोप दिसतो, पण बोलणं होत नाही

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. हौशी (हॅम) रेडिओचा व्हीयू३ हा खालच्या ग्रेडचा परवाना आहे, रिग (रेडिओ संच) ५० वॅटचा. डिचोलीजवळ कौलारू घर, परसात माड. दोन माडांच्या मध्ये २० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना), जमिनीपासून जेमतेम ५ मीटर. तार वायव्य-आग्नेय अशी ताणली आहे, म्हणजे एक टोक युरोपकडे. खाली आरजी-५८ कोॲक्स केबल, बालून (केबलच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारा जोड) नाही. एफटी८ वर (संगणकाने चालणारा डिजिटल मोड) युरोपातली थोडी स्टेशनं दिसतात, हाक मारली तर उत्तर नाही. एसएसबीवर (तोंडी बोलण्याचा मोड) नुसती खरखर. मला लिस्बन आणि मापुतोकडच्या हॅम लोकांशी तोंडी बोलायचं आहे आणि संपर्काची पोच देणारी कागदी क्यूएसएल कार्डं जमवायची आहेत. पॉवर वाढवण्यासाठी वरच्या ग्रेडची परीक्षा द्यावी असा सल्ला मिळालाय. उपयोग होईल का?

कोॲक्सकाका:
परीक्षा जरूर द्या, पण या दुखण्यावर ते औषध नव्हे. ५० चे ४०० वॅट केले तरी ९ डेसिबल वाढतात, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर दीड घर. तेवढं बाकी ठिकाणी फुकट मिळेल.

आधी हे ठरवा की अडचण जाण्यात आहे की येण्यात. १४.०७४ मेगाहर्ट्झवर संध्याकाळी पाच-सहा वेळा सीक्यू (सगळ्यांना हाक) द्या आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली खूण) टाका. युरोपात कुणी तुम्हाला ऐकलंय का, किती डेसिबलला, ते दिसेल. कुणीच ऐकलं नसेल तर दोष अँटेनात किंवा ऑडिओत. ऐकलं असेल, तर लोक उत्तर देत असतात आणि ते तुमच्या खरखरीत बुडतं.

डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकानाही बघा. सगळ्या स्टेशनांचा डीटी एकाच बाजूला सेकंदभर सरकलेला असेल तर घड्याळ तुमचं चुकलंय. एफटी८ चा डाव १५ सेकंदांचा, त्यात हे चालत नाही. एएलसीची (जादा ऑडिओ आवरणाऱ्या सोयीची) सुई हलेल इतका ऑडिओ देऊ नका, सिग्नल फाटतो. आणि पॉवर २५ वॅटवर आणा. एफटी८ मध्ये रिग दर डावात साडेबारा सेकंद सलग पूर्ण ताकदीने चालतो, बोलण्यासारखा थांबत-थांबत नाही.

डिचोलीकर:
करून बघितलं. इटली, ग्रीस, स्पेनमध्ये ऐकू गेलोय, उणे १२ ते उणे १७. डीटी ०.२ च्या आसपास. एस-मीटर मात्र दिवसरात्र एस७.

कोॲक्सकाका:
मग निदान झालं. सिग्नल जातोय, तुम्ही बहिरे आहात. एस७ चा एस३ झाला तर २४ डेसिबलची कमाई, चारशे वॅटपेक्षा कितीतरी जास्त.

रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. इथे एक मेख आहे. मेन पडला की घरचा इन्व्हर्टर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा आवाजी असतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करून त्याच्या बॅटरीची वायर काढा, मगच मेन पाडा. खरखर खाली आली तर चोर घरातच आहे. मग सगळे एमसीबी पाडून मेन चालू करा आणि एकेक वर करत मीटर बघत जा. नेहमीचे संशयित: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा ॲडॉप्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर.

सापडलेल्या उपकरणाच्या वायरला फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) लावा, पण बाजारात मिळणारं कुठलंही क्लिप-ऑन नको. बरीचशी व्हीएचएफसाठी असतात, त्यातून वायर एकदा ओवून १४ मेगाहर्ट्झवर काही होत नाही. मिक्स ३१ या मिश्रणाचं घ्या आणि वायरचे जमतील तितके वेढे द्या. अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: तीन वेढ्यांना नऊपट.

बालून नाही हे दुसरं कारण. कोॲक्सची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होऊन घरातला गोंगाट उचलते. एफटी२४०-३१ कड्यावर आरजी-५८ चे १०-१२ वेढे घेऊन डायपोलच्या मध्याशी बालूनचं काम करणारा चोक बांधा. कडं जड असतं, त्याचं वजन तारेवर टाकू नका, मधे आधार द्या.

मांडवीपार:
काकांचं झालं की अँटेनाकडे वळा. ५ मीटर म्हणजे २० मीटर बँडला पाव तरंगलांबी. ऊर्जा बरीचशी सरळ आभाळात जाते, आणि त्या उंचीवर तारेच्या दिशेलाही फारसा अर्थ नसतो. १० मीटरवर नेलात की मुख्य झोत क्षितिजापासून ३० अंशांच्या आसपास उतरतो आणि मग दिशा बोलायला लागते. डायपोल तारेच्या आडव्या बाजूंना फेकतो, टोकांकडे नाही. गोव्याहून लिस्बन ३०७ अंशांवर, सुमारे ८३०० किलोमीटर. तुमचं टोक नेमकं तिकडेच! तार ईशान्य-नैर्ऋत्य करा.

पण मापुतो २२४ अंशांवर आहे आणि टोक्यो ५७ वर. नवी तार जवळपास याच रेषेत येते, म्हणजे लिस्बन मिळवताना ते दोघे मंदावतील. दोन्ही हवेत तर मध्य १० मीटरवर आणि टोकं खाली असा उलटा व्ही करा. टोकांचे खड्डे बरेच भरून निघतात. मीही तेच करीन.

माडाला दोन्हीकडून तार घट्ट बांधलीत तर पहिल्या वादळात तुटणार. एका बाजूला कप्पी लावून दोरीच्या टोकाला तीन-चार किलोचं वजन लोंबकळत ठेवा, माड डोलला की ते वरखाली होईल. उंची बदलली की रेझोनन्सही (अँटेना जुळते ती फ्रिक्वेन्सी) सरकतो. तेव्हा तार कापू नका, जादाची उलटी दुमडून तिच्यावरच गुंडाळा. सुरुवातीला प्रत्येक बाजू ५.२ मीटर ठेवा. दोन्हीकडे ५ सेंटिमीटर कमी केलं की रेझोनन्स साधारण १४० किलोहर्ट्झ वर जातो.

व्हर्टिकलचा (उभ्या अँटेनाचा) मोह नको. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की जमीन फारशी वाहक राहत नाही, आणि पहारीनेही अर्थिंगची सळई आत जाता जात नाही.

पावसाआधी जोडांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणि वर पीव्हीसी टेप गुंडाळा. घरात शिरण्याआधी कोॲक्सला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच गळेल. जाळीतून पाणी वातीसारखं चढतं आणि तांबं काळं पडतं, मग केबल बदलण्यावाचून इलाज नाही. विजेच्या दिवसांत रिग नुसता बंद करून भागत नाही, कोॲक्स काढून घराबाहेर टाका.

डिचोलीकर:
इन्व्हर्टरच निघाला! तो बंद केला तर एस३. चोक आणि उंचीचं काम रविवारी काढतो. देव बरें करूं. आता बोलायचं कधी, आणि कार्डांचं कसं?

शून्यठोका:
युरोपसाठी २० मीटर संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत पाहा. बँड उघडलाय का ते १४.१०० वर कळतं. तिथे १८ बीकन (खुणेचे सिग्नल देणारी स्टेशनं) पाळीपाळीने मोर्समध्ये बोलतात, प्रत्येकी १० सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. कॉलसाइन आणि पहिली लांब रेघ १०० वॅटवर, पुढच्या तीन रेघा १०, १ आणि ०.१ वॅटवर. मदेराचं सीएस३बी दुसऱ्या रेघेपर्यंत ऐकू आलं तर पोर्तुगालकडे हाक मारायला हरकत नाही. लांबच्या माणसाशी वेळ ठरवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), फ्रिक्वेन्सी आणि ती व्यापलेली असल्यास पर्यायी फ्रिक्वेन्सी, तिन्ही कळवा.

लॉग यूटीसीतच ठेवा. आपले साडेपाच तास वजा करताना तारीख हमखास चुकते: १५ तारखेला रात्री १२:१० ला झालेलं बोलणं लॉगमध्ये १४ तारखेला १८:४० असं येतं. एलओटीडब्ल्यूवर (ऑनलाइन लॉग जुळवणारी सेवा) दोघांच्या वेळांत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक असेल तर जुळणी होत नाही, आणि तक्रारही कुणी करत नाही, नोंद नुसती पडून राहते. ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) एमके६५ लिहा. ७४ अंश रेखांशाच्या पूर्वेला एमके७५ सुरू होतं, डिचोली अलीकडे आहे. हॅम लोकांच्या जगविभागणीत सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१.

कार्ड ९ बाय १४ सेंटिमीटरच ठेवा, ब्युरो (कार्डं गोळा करून एकगठ्ठा पाठवणाऱ्या संस्था) मोठी कार्डं घ्यायला कुरकुरतात. त्यावर दोघांचे कॉलसाइन, तारीख, यूटीसी वेळ, बँड, मोड आणि रिपोर्ट हवा, खाडाखोड अजिबात नको. ब्युरोमार्गे स्वस्त, पण महिनोन्महिने लागतात. आपल्याकडे ते काम एआरएसआय ही हॅम संस्था सभासदांसाठी करते. जुन्या पोर्तुगीज हॅमच्या संग्रहात सीआर८ चं (पोर्तुगीज गोव्याच्या कॉलसाइनची सुरुवात) कार्ड असेल तर त्याचा फोटो मागा. डिसेंबर १९६१ पर्यंत डीएक्ससीसीच्या (संपर्क झालेले देश-प्रदेश मोजणाऱ्या पुरस्काराच्या) यादीत गोवा स्वतंत्र मोजला जायचा, आता तो रद्द झालेल्यांत आहे. बोलण्याला विषय आयताच मिळेल.

घाई असेल तर थेट टपालाने पाठवा, आत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा ठेवा आणि परतीच्या टपालखर्चाचं काय करायचं ते क्यूआरझेड या हॅम संकेतस्थळावर समोरच्याच्या पानावर वाचून घ्या. लिफाफ्यावर नाव-पत्ता एवढंच लिहा, कॉलसाइन नको. तो दिसला की आत पैसे असतील या आशेने वाटेत पाकीट फोडलं जातं.