जुन्नरकडे होमस्टेवर गावासाठी फुकट आकाशदर्शन ठेवायचंय, सल्ला द्या

शिवनेरीच्या पायथ्याशी: आमचा छोटा होमस्टे आहे, भावाने गच्चीवरच्या खोलीला सरकतं पत्र्याचं छप्पर करून घेतलंय, आत ८ इंची डॉबसोनियन (आरशाची, हाताने फिरवायची दुर्बीण). पाहुण्यांना दाखवतोच, पण आता महिन्यातून एक रात्र गावातल्यांना नि झेडपी शाळेच्या पोरांना फुकट दाखवायचंय. अमावस्याच धरायची का? आणि समोरचे स्ट्रीटलाईट बंद करायला ग्रामपंचायतीला सांगू का? इकडे बिबट्याचा वावर, लोक उसाच्या कडेने चालत येणार. आई म्हणते नको ती भानगड.

मृग_व्याध: पोरांसाठी अमावस्या नकोच. शुद्ध अष्टमीच्या आसपास ठेवा, चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या अशा पडतात की म्हातारी माणसंपण अगंबाई म्हणतात. तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग जागे राहिलेल्यांना अंधार मिळतोच. तेजोमेघ (अंतराळातले वायू-धुळीचे ढग) वगैरे पहिल्याच दिवशी दाखवू नका, इन्स्टावर रंगीत बघितलेलं असतं आणि इथे राखाडी धूसर ठिपका, पोरं तोंडावर सांगतात काही दिसत नाही म्हणून. देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा समूह, अँड्रोमेडा) दाखवायची तर वेगळी अमावस्या, मोजके हौशी लोक. पावसाळ्यात तर विषयच नाही.

ओतूरची सून: आई बरोबर बोलतात हो. रस्त्यावरचे लाईट अजिबात बंद करायला लावू नका, फक्त गच्चीच्या बाजूला शेडनेट किंवा ताडपत्री आडवी बांधा, चंद्र-गुरूला तेवढं पुरतं. गच्चीवर टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावा. लोकांना घोळक्यानेच यायला सांगा, लहान पोरं मध्ये, आणि परत सोडायला कुणाचीतरी पिकअप ठरवून ठेवा.

पुणेरी_शंका: फुकट म्हटलं की गर्दी चहालाच होते. पन्नास रुपये ठेवा, येणारे नीट बघतील.

मृग_व्याध: @पुणेरी_शंका पन्नास रुपयांत घरातली चार माणसं आली की दोनशे झाले, मजुरीवर जाणारा कशाला येईल? पाहुण्यांकडून घ्या हवे तेवढे.

हां, एक राहिलं. पॉवर कमी ठेवा, २५ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली की ४८ पटच्या आसपास दिसतं, मोटर नसली तरी चंद्र लगेच पळत नाही, दोन-तीन पोरं बघून होतात. जास्त पॉवरला दर पोरामागे हलवत बसाल. आणि आयपीसशेजारी खुर्ची ठेवा, तिची पाठ धरून बघायला सांगा, नाहीतर पोरं नळीलाच लोंबकळतात. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर काढा, आरशातली घरातली ऊब गेली नाही तर गुरू उकळल्यासारखा दिसतो.

शिवनेरीच्या पायथ्याशी: भारी. खोडदच्या जीएमआरटीच्या (मोठी रेडिओ दुर्बीण) ४५ मीटरच्या तबकड्या बघितल्यामुळे शाळेतली पोरं विचारतात, तुमची दुर्बीण एवढीशीच का 😄 अष्टमीच धरतो. पिकअपसाठी टोमॅटोवाल्या काकांना विचारलंय, ते म्हणे डिझेल टाका, बाकी काही नको.