कांगड्याचा ग्रीन टी घरी कडू का होतोय?

गोदाकाठ, इंदिरानगर:
मे महिन्यात हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यात, पालमपूरला जाऊन आलो. धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी चहाच्या बागा आहेत हे मला तिथे गेल्यावरच कळलं. एका बागेत ग्रीन टी दिला, फिकट पिवळा, वाफवलेल्या कोवळ्या मटारासारखा वास, मागून गोडसर. पाव किलो घेऊन आलो. घरी गवती चहासारखा पातेल्यात खळखळ उकळला तर कडू जहर. आईनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. पुडा खराब निघाला की माझं काही चुकतंय?

चहावेडी पंचवटी:
दादा, पुड्याला दोष देऊ नका. हा चहा उकळायचा नसतोच. पान खुडल्यावर लगेच तापल्या कढईत किंवा वाफेवर गरम करतात, म्हणून ते काळं न पडता हिरवं राहतं. मग वळून सुकवतात. अशा पानावर उकळतं पाणी पडलं की तुरटपणा आधी उतरतो.

माझी रीत सांगते. पाणी उकळून उघड्या तांब्यात ओता. वाफेचा लोट विरून बारीक रेघ राहिली की कपाला एक चहाचा चमचा पत्ती, वर ते पाणी, दोन मिनिटं झाकण, लगेच गाळा. पत्ती फेकू नका, तिच्यावर घातलेलं दुसरं पाणी माझ्या मते पहिल्यापेक्षा गोड लागतं. गाळणीतलं एक पान बोटानं उलगडून बघा. दोन पानं आणि मधली कळी एकाच देठाला अखंड दिसली तर माल चांगला.

त्या बागांबद्दल मला फार माया आहे. 1849 मध्ये सरकारी वनस्पती उद्यानांचे अधीक्षक डॉ. जेमसन यांनी तिथे चिनी जातीची रोपं लावून पाहिली, लहान पानाची, आसामच्या मोठ्या पानाची नव्हेत. पुढच्या काही दशकांत या चहानं लंडन-अ‍ॅमस्टरडॅमला पदकं मिळवली. मग 4 एप्रिल 1905 चा भूकंप. हजारो माणसं गेली, कारखाने पडले, गोरे मळेवाले बागा विकून निघून गेले. उरलेल्यांनी हिरवा चहा करून अमृतसरच्या बाजारात विकला, तिथून तो काबूलकडे जायचा. आपल्या नाशिकच्या द्राक्षांसारखंच कांगडा चहालाही भौगोलिक मानांकन आहे, 2005 पासून. तरी नाशकात दहा जणांना विचारा, दार्जिलिंग, आसाम यापुढे कुणी जात नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिडकोकर:
पाणी कुठलं वापरता? आमच्या बोअरच्या जड पाण्यात हाच चहा मळकट होऊन वर साय धरायचा. नळाच्या पाण्यात स्वच्छ उतरतो.

चहावेडी पंचवटी:
बरोबर. आणि डबा मसाल्याच्या फळीवर ठेवू नका. माझ्या पहिल्या पुड्याला आठ दिवसांत काळ्या मसाल्याचा वास लागला, सगळा फेकावा लागला. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

गोदाकाठ, इंदिरानगर:
ताई, आज संध्याकाळी तसाच केला. तांब्यात पाच मिनिटं पाणी ठेवलं, नळाचंच. तोच मटाराचा वास आला. पान उलगडलं तर कळी होती, तिच्यावर बारीक पांढरी लव. आईनं कप संपवला आणि दुसरं पाणी घालायला सांगितलं.