मदत हवी आहे: ईयोबमधला 'केलह' म्हणजे म्हातारपण की ताकद?

बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकाच्या ५:२६ मध्ये (अध्याय ५, ओवी २६) ईयोबचा मित्र एलीफज त्याला म्हणतो की तू 'केलह'मध्ये कबरेत जाशील, हंगामात खळ्यावर आणलेल्या पेंढीसारखा. इथे 'पिकलं वय' हा अर्थ सहज बसतो. पण हाच शब्द ३०:२ मध्ये येतो, आणि तिथे अंगात बळ न उरलेल्या माणसांचा 'केलह' नाहीसा झालाय. म्हातारपण कसं नाहीसं होईल?

अडचण अशी की अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये या अर्थाने तो एवढ्या दोनच ठिकाणी आहे. उत्पत्ती १०:११ मधला केलह वेगळा, ते अश्शूरमधलं शहर. म्हातारपणासाठीचे नेहमीचे शब्द, 'झिकना' आणि पिकल्या केसांवरून आलेला 'सेवा' (आपल्या सेवेशी संबंध नाही!), मला माहीत आहेत, ते सुचवू नका.

जुनी भाषांतरं पाहिली. वुल्गात या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात ५:२६ ला 'विपुलता' आहे. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात 'बकेलह'च्या ('केलहमध्ये') अक्षरांना आकडे मानून त्यांची बेरीज ६० करून साठी गाठण्याशी जोडलंय. गंमत छान, पण तो शब्दार्थ नव्हे. आजच्या हिब्रूत 'त्याचा केलह गेला' म्हणजे कालबाह्य झालं. तो वाक्प्रचार ३०:२ वरूनच आलेला, म्हणून पुरावा म्हणून निरुपयोगी.

मला दोन्ही ओव्यांत चालेल असा एकच मराठी शब्द हवाय. 'परिपक्वता' फार पुस्तकी वाटते, 'उमेद' ५:२६ ला जमत नाही. हिब्रू किंवा अरबी जाणणाऱ्यांनी सांगावं: मूळ धातू बळाचा की पिकण्याचा? आणि बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) घरांतल्या जुन्या मराठी भाषांतरांत इथे कोणता शब्द आहे?