निरोगी माणसाला मुद्दाम विषाणू देऊन संशोधन करावं का?

प्रयोगवही:
२०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात कोविडच्या विषाणूचे थेंब सोडले. आधी कोविड झालेला नाही, लसही घेतलेली नाही, अशीच माणसं निवडली होती. मग प्रत्येकाला वेगळ्या खोलीत ठेवून रोज नाक, घसा, रक्त तपासलं. माझ्या मते असे प्रयोग व्हायलाच हवेत. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर नाटकाचा पहिला अंक संपलेला असतो. विषाणू शिरला कधी, हेच ठाऊक नसतं, मग प्रतिकारशक्तीनं पहिल्या दिवशी काय केलं ते कळणार कसं? इथे घड्याळ लावून ठाऊक होतं.

उलटतपासणी:
कळलं ते ठीक, पण कुणाच्या जिवावर? स्वयंसेवकांना सुमारे ४,५०० पौंड मिळाले. ही रक्कम पाहून पुढे आलेल्या माणसाच्या संमतीला संमती म्हणायचं का, हा माझा पहिला प्रश्न. लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वास गेला आणि काहींचा महिनोन्महिने पुरता परतला नाही. २०२१ मध्ये या आजारावर हुकमी औषध नव्हतं. तरुण आहेत, बरे होतील, या भरवशावर केलेला हा प्रयोग. आणि असल्या संशोधनाचा इतिहास काही सोवळा नाही. १९४६ ते ४८ दरम्यान अमेरिकन डॉक्टरांनी ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना न सांगता गुप्तरोगांची लागण केली. अमेरिकेनं माफी मागितली ती २०१० मध्ये.

पिपेट:
ग्वाटेमालाचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे कुणाला विचारलंच नव्हतं.
मी नमुने हाताळण्याचंच काम करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. नाकातून काढलेल्या बोळ्यावर बहुतेक शेंबूड आणि मेलेल्या पेशी असतात. त्यातून जिवंत पेशी वेगळ्या करून एकेकीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचायचं, हे जिकिरीचं काम आहे. या प्रयोगातल्या १६ जणांचं असं विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सहा जणांत लागण टिकली, तिघांत येऊन गेली, सात जणांत रुजलीच नाही. ज्यांची लवकर गेली, त्यांच्या नाकात संरक्षक पेशी लगेच पोचल्या होत्या. ज्यांची टिकली, त्यांच्यात उशिरा. गंमत म्हणजे विषाणू नाकात, पण इंटरफेरॉनचा (विषाणू शिरल्याची सूचना देणाऱ्या प्रथिनांचा) गजर रक्तात आधी वाजला आणि नाकात मागाहून! हे नेहमीच्या रुग्णांत कुणाला दिसलं असतं?

उंदीरमामा:
उंदरांवर करा की, असं कुणी म्हणायच्या आधीच सांगतो. प्रयोगशाळेतला उंदीर इतक्या निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो, की त्याची प्रतिकारयंत्रणा मोठ्या माणसापेक्षा नवजात बाळाशी जास्त जुळते. २०१६ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेले 'घाणेरडे' उंदीर अशा उंदरांसोबत ठेवले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या उंदरांची यंत्रणा प्रौढ माणसासारखी झाली. (दुकानातल्या उंदरांना मानधन मिळालं नाही, हे नोंदवून ठेवतो.)

उलटतपासणी:
विनोद आवडला. पण प्राण्यांवरून अंदाज चुकतो, हाच तर माझा मुद्दा आहे. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे औषध सहा जणांना दिलं. माकडांना सोसलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग, तरी दीड तासात प्रतिकारयंत्रणा उसळली आणि सहाही जण अतिदक्षता विभागात. वाचले, हे नशीब. अंदाज इतका चुकत असेल तर माणसावर हात सैल नको, आवळायला हवा.

प्रयोगवही:
आवळा, पण बंद नका करू. टायफॉइडचं बघा. ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना आधी लस देऊन मग जिवाणू पाजले. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं त्या प्रकारच्या लसीची शिफारस केली. एरवी साथीच्या भागात हजारो मुलांना लस टोचून वर्षानुवर्षं थांबावं लागलं असतं.

उलटतपासणी:
टायफॉइडला माझी हरकत नाही. ताप चढला की प्रतिजैविक देता येतं. कोविडला ते नव्हतं, मी भांडतोय ते तेवढ्यासाठी. उद्या एखादा नवाच विषाणू आला, औषध नाही, लस नाही, तेव्हाही तुम्ही थेंब सोडायला तयार आहात का?

पिपेट:
पहिल्या सहा महिन्यांत नाही. त्यानंतरचं आत्ता छातीठोकपणे सांगता येत नाही.